चौथ्या श्वासाची अडखळ

प्रयोगशाळेत बारा आसनं मांडली होती आणि माणसं अकराच आली होती.

"बारावं कोण राहिलं?" डॉ. अश्फाक तांबोळींनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

"साठेकाका. गुडघा सुजलाय म्हणून निरोप आलाय," शाल्मली म्हणाली. "अकरांवर भागवू या ना, सर."

"बाराच हवेत. आराखड्यात तूच लिहिलं आहेस."

शाल्मलीने इकडेतिकडे पाहिलं. दाराशी स्टुलावर तिची आई, कुमुदिनी दाभाडे, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. शाल्मलीला पाचवा महिना होता. कामाच्या नादात ती जेवायची विसरते, म्हणून आई रोज दोन बस बदलून नाशिकच्या या टोकाला डबा घेऊन यायची.

"आई, जरा तिथे बसतेस? वीस मिनिटं. डोळे मिटून नुसता श्वास घ्यायचा."

"तिकीट पडेल का?" एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर म्हणून काढलेल्या कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"आई!"

"बसते गं. पण भेंडी गार झाली तर मला बोलायचं नाही."

त्या जाऊन बाराव्या आसनावर बसल्या. पिशवी मात्र त्यांनी सोडली नाही.

ही सगळी खटपट एका वस्तीसाठी होती. साठी ओलांडलेल्या, नियमाने ध्यान करणाऱ्या अठ्ठेचाळीस जणांनी मिळून अकोले गावाच्या वरच्या अंगाला पठारावर जमीन घेतली होती. पठार जे देईल त्यावरच राहायचं, असं त्यांचं ठरलं होतं. पावसाचं साठवलेलं पाणी, उन्हाची वीज, दोन एकरांत नाचणी आणि भाजीपाला. वस्तीचं नाव सांजपठार. आखणी शाल्मलीकडे होती. घरं, टाक्या, बांध हे सारं तिने चार महिन्यांत कागदावर उतरवलं. अडलं ते ध्यानाच्या सभागृहापाशी.

वैशाखात अठ्ठेचाळीस माणसं तासभर एका खोलीत बसणार. वातानुकूलन उन्हाच्या विजेला झेपणारं नव्हतं, आणि पंख्याची घरघर कुणालाच नको होती. जमिनीखाली बारा फुटांवर मात्र हवा बाराही महिने गार असते. ती वर आणायला शाल्मलीने एक वातभुयार आखलं आणि त्याच्या तोंडाशी कापडाचा अवाढव्य श्वासभाता बसवला. भाता मिनिटाला चार-सहा वेळा सावकाश फुगे आणि आवाज न करता हवा सोडी. वीज लागे ती एका दिव्यापुरती.

पण पहिल्याच चाचणीत माणसं दहा मिनिटांत उठून गेली होती. "शेजारी कुणी वेगळ्याच तालात घोरत असल्यासारखं वाटतं," हे त्यांचं गाऱ्हाणं. तेव्हा तिने तांबोळींना गाठलं. झुलणाऱ्या, ठोके देणाऱ्या, मागेपुढे होणाऱ्या वस्तूंचं, म्हणजे दोलकांचं गणित करण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी सुचवलेला उपाय साधा होता. भात्याने माणसांच्या मागे जायचं. आसनांखाली स्पर्शफरशी घालायची. श्वासागणिक अंगाचा भार केसभर इकडेतिकडे होतो, तो फरशी टिपेल आणि सगळ्यांचा मिळून जो ताल निघेल त्यावर भाता चालेल.

बारा जणांनी डोळे मिटले. पडद्यावर बारा रेघा उमटल्या, बारा वाटांनी जाणाऱ्या. भाता फुगला. गालांना लागेल न लागेल अशी एक झुळूक आली.

"आता बघ," तांबोळी हळू आवाजात म्हणाले. "वारा माणसांच्या मागे जाईल. पण गालावर वारा लागला की माणूसही नकळत त्याच्या तालात श्वास घेतो. म्हणजे माणसं वाऱ्याच्या मागे."

"वारा माणसांच्या मागे, माणसं वाऱ्याच्या मागे. मग पुढे कोण, सर?"

"जो कुणाच्याच मागे जात नाही तो." त्यांनी पडद्यावरच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "प्रत्येकाचा एक वळांक असतो. बाहेरचा ताल कानावर, अंगावर आला की आपण किती वळतो, त्याचा आकडा. ज्याचा वळांक सगळ्यांत कमी, तो काहीच न करता बाकीच्यांना आपल्याकडे ओढतो. म्हणजे ओढतही नाही तो. बाकीचे वळत वळत तिथे पोचतात, एवढंच."

"मग सोनटक्के काका," शाल्मली म्हणाली. वस्तीच्या समितीचे प्रमुख जनार्दन सोनटक्के पुढच्या रांगेत ताठ बसले होते. तीस वर्षांची साधना त्यांच्या पाठीच्या कण्यात दिसत होती. अख्ख्या आराखड्यात हे गृहीत होतं की सभागृह त्यांच्या श्वासावर स्थिरावेल.

चौदाव्या मिनिटाला अकरा रेघा एकत्र आल्या. त्या जिच्यावर येऊन मिळाल्या ती बारावी होती.

मिनिटाला सहा श्वास. आत घेताना सरळ, आणि सोडताना, अगदी संपत आल्यावर, एक बारीकशी अडखळ. चालता चालता ठेच लागावी आणि आपलं आपण सावरावं, तशी.

सोनटक्क्यांचा वळांक बारा जणांत सर्वांत जास्त निघाला. हे ऐकून त्यांनी घसा खाकरला. "यंत्र नीट बघा जरा."

"काका, यंत्र बरोबर आहे," तांबोळी हसू दाबत म्हणाले. "तीस वर्षं तुम्ही बारीकसारीक जाणवून घ्यायलाच शिकलात. ज्याला जाणवतं तो वळतो. चूक आमची. उत्तम ध्यानी पुढे चालेल असं आम्ही धरलं, आणि तो तर सगळ्यांत आधी मागे जाणार!"

"आणि ताई कुठली साधना करतात?"

"मी?" कुमुदिनीबाई पिशवीतून डबा काढत होत्या. "घोटीच्या घाटात गाडी कशीही हेलकावू दे, मी दांडी न धरता तिकिटं फाडलीत. अंगवळणी पडतं. शालू, जेव आधी."

सगळ्यांना ते कारण पटलं. शाल्मलीलाही पटलं.

समितीने आठवड्याभरात कळवलं, की एक घर रिकामं आहे आणि ते कुमुदिनीताईंनी घ्यावं. सभागृहाला त्यांची गरज आहे. शाल्मलीला वाटलं, आई हसून सोडून देईल. आईने आठ दिवस काहीच उत्तर दिलं नाही, आणि मग ट्रंक काढली.

"अगं, बाळ होणार आहे मला," शाल्मली म्हणाली. "मी सगळं तुला धरून ठरवलं होतं."

"माहितेय की."

"मग?"

आई साडीच्या घडीवर हात फिरवत राहिली. "शालू, एकतीस वर्षं लोक मला हाका मारत होते. बाई, इकडे या. बाई, सुटे द्या. घरी आलं की तू. ते बरंच होतं, वाईट नव्हतं. पण मला कुणी हाक मारणार नाही अशी एक जागा बघायची आहे. त्या दिवशी वीस मिनिटं बसले ना, तेवढ्यात कळलं मला. सव्वा महिना येईन मी तुझ्याकडे. न्हाऊमाखू घालीन, डिंकाचे लाडू करीन. मग जाईन."

वस्तीच्या नियमावलीत 'बारा वर्षांखालील मुलांना सभागृहात प्रवेश नाही' ही ओळ शाल्मलीनेच लिहिली होती. शांततेसाठी म्हणून लिहिली होती.

जुई झाली. आई आली, आणि बोलल्याप्रमाणे सव्वा महिना राहिली. धुरी दिली, टाळू भरली, जुईला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. एकदा जुई आजीच्या छातीवर झोपली असताना आई सहज म्हणाली, "ही गुणी आहे गं. सरळ श्वास घेते. तू दोन-तीन वर्षांची होईस्तोवर छाती भरायची तुझी. चौथ्या श्वासाला घुर्रकन अडकायचीस. मी अशीच तुला पोटावर घेऊन मोजत बसायचे. एक, दोन, तीन... आणि चौथा सुटला की मग माझा सोडायचे."

"भलतंच काहीतरी आठवतं तुला," शाल्मली म्हणाली आणि झोपून गेली. त्या दिवसांत झोप हीच एक गोष्ट तिला हवी असायची.

आई पठारावर परत गेली. जुई पाच महिन्यांची असताना, एका सकाळी सगळे सभागृहात जमले आणि कुमुदिनीताईंचं आसन रिकामं राहिलं. झोपेतच गेल्या होत्या. चेहऱ्यावर त्रासाची खूण नव्हती, असं सोनटक्के फोनवर पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

दिवसकार्य झाल्यावर शाल्मली आईचं सामान आणायला गेली. जुईला फाटकाजवळच्या कचेरीत एका काकूंपाशी ठेवलं. सामान म्हणजे एक ट्रंक आणि तिकिटं टोचायचा जुना चिमटा. निघताना सोनटक्के म्हणाले, "पाच मिनिटं आत बसून जा, पोरी."

ती आईच्या आसनावर बसली. डोळे मिटले. गालाला झुळूक लागली. लांब, सावकाश, आणि संपता संपता एक बारीक अडखळ.

बाहेर येऊन तिने तांबोळींना फोन लावला. "सर, तुम्ही आईचा ताल साठवून ठेवलाय का? मला न सांगता?"

"काहीही साठवलेलं नाही," तांबोळी म्हणाले. "तुला हवं तर येऊन यंत्र उघडून बघ. त्याला मागच्या दोन मिनिटांपलीकडचं आठवत नाही. पण वस्तीतली सत्तेचाळीस माणसं ताईंच्या तालात बसायला शिकली. वारा त्यांच्याकडून शिकतो, ती वाऱ्याकडून शिकतात. उद्या नवं कुणी आलं तर तेही तेच शिकेल. ताल आता कुणा एकाचा उरलेला नाही, म्हणून तो कुणाबरोबर जातही नाही."

"म्हणजे किती दिवस राहील?"

"कमी वळणारं दुसरं कुणी येऊन बसेपर्यंत."

त्यानंतर शाल्मली दर महिन्याला जायची. पाण्याची पातळी, सौरपट्ट्या, भुयारातली बुरशी असं काहीतरी तपासायचं काम ती शोधून काढायची. मग जुईला फाटकाशी ठेवून अर्धा तास आत बसायची. घरी परतताना तिला वाटायचं, आई कुठे गेलेली नाही, पठारावर आहे, एवढंच. फक्त हाक मारायची नाही. हाक मारायची नाही हे आईनेच सांगितलं होतं.

जुई दहा महिन्यांची झाली त्या सुमाराला सोनटक्क्यांचं पत्र आलं. खाली सेहेचाळीस सह्या होत्या. आम्हाला शांतता मिळाली, त्यात लिहिलं होतं, आणि ती पुरेशी मिळाली. आता नातवंडं हवीत. रविवारी मुलांना सभागृहात येऊ द्यावं, झोपली तर झोपतील, रांगली तर रांगतील. पहिली पाच वर्षं नियम बदलायला आखणीकाराची संमती लागते, म्हणून ही विनंती.

शाल्मलीने नकार लिहून टाकला. भात्याचा वेग वाढेल, विजेचा ताळमेळ बिघडेल, अशी दोन कारणं दिली. पाठवण्याआधी तिने तो तांबोळींना दाखवला.

त्यांनी वाचून कागद टेबलावर ठेवला. "भाता दुप्पट वेगाने चालला तरी सौरपट्ट्यांना झेपेल. हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे."

तिने कागद उचलून त्याची घडी घातली.

"तान्हं मूल कुणाच्याही मागे जात नाही," ते हळूच म्हणाले. "झोपलेल्या मुलाचा वळांक जवळजवळ शून्य. एक मूल आत येऊन तासभर झोपलं की सभागृह त्याचं झालं. त्याचे चार नाहीतर पाच श्वास आणि सभेचा एक, असा ताल बसेल. ताईंचा जाईल. खरं कारण हे आहे ना?"

"हो," शाल्मली म्हणाली. "मग? लिहू का तसं? सत्तेचाळीस माणसांना सांगू, की माझी आई पुसली जाईल म्हणून तुमची नातवंडं बाहेर ठेवा?"

"लिही की. ते ऐकतील तुझं. म्हणून तर कठीण आहे."

तो नकार पाठवायचा राहिला. दुसऱ्याच दिवशी जुईला सर्दी झाली. पाळणाघरात घेईनात, म्हणून शाल्मली तिला प्रयोगशाळेत घेऊन आली. दुपारी जुई कशीच झोपेना. नाक चोंदलेलं, चिडचिड. शेवटी शाल्मली तिला छातीवर घेऊन मधल्या मोकळ्या जागेत आडवी झाली आणि पाठीवर थोपटत राहिली. जुई झोपली. ती उठेल या भीतीने शाल्मली तासभर तशीच पडून राहिली.

"शाल्मली," तांबोळींचा आवाज आला. ते पडद्यासमोर उभे होते. "तू स्पर्शफरशीवर झोपली आहेस, आणि फरशी चालू आहे. हालू नकोस. नुसती मान वळवून बघ."

पडद्यावर दोन रेघा होत्या. एक छोटी, भरभर. एक मोठी, सावकाश. छोटीच्या दर पाच लाटांमागे मोठीची एक. एकदाही चूक नाही. पाचव्या लाटेला जुईचं चोंदलेलं नाक अडकत होतं, आणि त्याच ठिकाणी, सोडता सोडता, शाल्मलीचा श्वास थांबत होता. नाक सुटेपर्यंत वाट बघत होता.

"तू मुद्दाम करते आहेस का हे?"

"मला माहीतही नाही मी काय करतेय."

जुईची सर्दी तीन दिवसांत गेली. चौथ्या दिवशी तांबोळींनी शाल्मलीला एकटीलाच फरशीवर बसवलं. जुई पाळणाघरात होती. तरी श्वास तसाच होता. तीच अडखळ, त्याच जागी.

"बाळ बरं झालं," तांबोळी म्हणाले, "पण तुझ्या छातीला कुणी सांगितलेलं दिसत नाही."

शाल्मलीने पडद्याकडे पाहिलं. मग तिने जुनी नोंद उघडली. बारा आसनांची, पहिल्या दिवसाची. बारावी रेघ. मिनिटाला सहा श्वास. सोडताना, संपत आल्यावर...

"सर, दोन-अडीच वर्षांचं मूल झोपेत मिनिटाला किती श्वास घेतं?"

"चोवीसच्या आसपास."

"चोवीस. चाराला एक. आई मला पोटावर घेऊन मोजत बसायची. चौथा सुटला की मग स्वतःचा सोडायची. तिने सांगितलं होतं मला, सर. मी झोपले होते."

तांबोळींनी बाराव्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे ताईंचा वळांक कमी होता तो एसटीमुळे नव्हे."

"त्या एकदाच वळल्या," शाल्मली म्हणाली. आईला तिने 'त्या' म्हटलं हे तिच्या ध्यानातही आलं नाही. "माझ्याकडे. आणि मग पस्तीस वर्षं कुणाकडेच नाही."

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. ज्या झुळुकेसाठी ती महिनेन् महिने घाट चढत होती, ज्यात तिला आई भेटत होती, ती आईची नव्हतीच. ती तिची स्वतःची होती. छाती भरलेल्या एका पोरीचा श्वास आईने उचलून घेतला, पोर बरी झाल्यावरही खाली ठेवला नाही, आणि जाताना सत्तेचाळीस म्हाताऱ्यांच्या छातीत ठेवून गेली. आईचा म्हणून जो तिचा स्वतःचा असा श्वास असेल, तो कुठल्याच नोंदीत नव्हता. कदाचित शाल्मलीच्या जन्माआधी असेल.

तिने नकाराचा कागद फाडला नाही. मागच्या कोऱ्या बाजूवर 'संमती आहे' असं लिहून खाली सही केली.

रविवारी ती फाटकाशी थांबली नाही. जुईला कडेवर घेऊन तशीच सभागृहात शिरली. सत्तेचाळीस जणांनी वळून पाहिलं. दोघीतिघी आसनावरून अर्ध्या उठल्याही.

"बसून राहा हो," सोनटक्के कुजबुजले, "सगळ्यांनाच घ्यायचंय. आधी तिला रुळू दे." आणि शाल्मलीला म्हणाले, "पोरी, तुला चालेल ना? तुला हे जड जाईल, एवढंच तांबोळी बोलले मला."

"चालेल, काका."

ती आईच्या आसनावर टेकून बसली. जुईने थोडा वेळ भात्याकडे बोट करून "आं, आं" केलं. कुणीतरी फस्सकन हसलं, मग सगळेच हसले, आणि मग शांत झाले. जुई शाल्मलीच्या गळ्यात तोंड खुपसून झोपली.

झुळूक आली. लांब, सावकाश, अडखळती. शाल्मलीने डोळे मिटून ती गालावर घेतली. पुढची आली. त्यापुढची. तिने मोजायचं नाही असं ठरवलं होतं, तरी ती मोजत होती. अकराव्या मिनिटाला अडखळ थोडी उशिरा आली. सतराव्याला ती इतकी पुसट होती, की हवी म्हणून भासली असेल. जुईच्या पाच श्वासांना एक, जुईच्या पाच श्वासांना एक. वाऱ्याची लांबी बदलत गेली.

मग एक झुळूक आली ती सरळ येऊन सरळ संपली. पाठोपाठ दुसरी, तशीच.

शाल्मलीच्या गालावरून पाणी ओघळलं. जुईच्या जावळात जिरलं. तिने पुसलं नाही. हालली असती तर जुई उठली असती.

तास संपला. माणसं हळूहळू डोळे उघडू लागली. शेजारच्या आसनावरून सोनटक्के जरा गोंधळून तिच्याकडे झुकले. तीस वर्षांत बारीकसारीक जाणवून घ्यायला शिकलेला माणूस तो, त्यांनाच पहिल्यांदा कळलं.

"आज काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले. "शेवटी तो एक आचका यायचा ना वाऱ्याला, तो आलाच नाही."

"आता नाही येणार, काका," शाल्मली म्हणाली. "ती मुलगी बरी झाली."